सातवा ट्रॅक

आमच्या आईच्या भजनी मंडळात अकरा बायका, एक पेटी, एक पखवाज, आणि टाळ किती ते कुणी मोजलेले नाहीत. गेल्या दोन वर्षांत मंडळातल्या दोघी गेल्या. तेव्हापासून आईच्या मनानं घेतलं की आपलं भजन एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायचं. "मोबाइलवर नको," ती म्हणाली, "मोबाइलवर आम्ही सगळ्या पत्र्यावर पाऊस पडल्यासारख्या ऐकू येतो." म्हणून मी मामाकडं गेलो.

मामा हा माझा वर्गमित्र. त्याचा भाचा त्याला मामा म्हणतो, म्हणून गल्ली म्हणते, म्हणून मीही. सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकाच्या मागच्या एका बोळात त्याची रेकॉर्डिंगची खोली आहे. खाली यंत्रमागाचं शेड, वर दहा बाय बाराची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जुन्या सोलापुरी चादरी ठोकल्यात. "मुंबईत फोम लावतात, आपण मोर लावतो," असं तो नव्या माणसाला सांगतो. मागाला सुट्टी असते त्या दिवशीच रेकॉर्डिंग. बाकीचे दिवस जमीन थरथरत असते.

बायका आल्या, गाद्यांवर बसल्या. आठ माइक लागले: पेटीला एक, पखवाजाच्या दोन तोंडांना दोन, गाणाऱ्यांसमोर तीन, टाळांच्या घोळक्यात एक आणि चाल उचलणाऱ्या बाईंना एक. सत्तर मिनिटं चाललं. मधे एकदा खोकला, एकदा खाली कुत्रं. आई सातव्या माइकच्या अगदी पुढ्यात बसली होती, हे लक्षात ठेवा.

बायका रिक्षात बसून गेल्या आणि भांडण सुरू झालं.

"मामा, फायली मला द्या," भाचा म्हणाला. "एफएलमध्ये घेतो. खाली एक हलकासा पॅड टाकतो, ठेक्याला जरा किक देतो. आठवड्यात तयार."

"एफएल म्हणजे तुझं ते फळांचं दुकान?"

फळांचं दुकान म्हणजे एफएल स्टुडिओ. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी काढलं तेव्हा त्याचं नाव फ्रूटीलूप्स होतं. मामा वापरतो ते रीपर. ज्यांनी कॉलेजात विनॅम्पवर गाणी ऐकली असतील त्यांना सांगायला हरकत नाही की विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनीच पुढं रीपर लिहिलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती 2006 ची. असल्या सॉफ्टवेअरला या धंद्यातली पोरं 'डॉ' म्हणतात, डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशनचं लघुरूप. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'माझा डॉ बदलायचाय' म्हणजे पोरगा आजारी असावा असं मला वाटलं होतं.

"दुकान म्हणा नाहीतर मंडई म्हणा," भाच्यानं लॅपटॉप मामाच्या पुढ्यात फिरवला. "हे बघा. एका ओळीत सोळा खण. ही ओळ हलगीची, ही किकची, ही टाळीची. ज्या खणावर क्लिक केलं तो पेटला. पेटला तिथं वाजणार, विझला तिथं गप. सोळा झाले की परत पहिल्यापासून."

मामानं चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याच्या जवळ गेला. बराच वेळ काही बोलला नाही.

"हे तर आप्पांचं काम."

मामाचे वडील जेकार्डची कार्डं पाडायचे. सोलापुरी चादरीवरचा मोर मागाला कसा कळतो, तर पुठ्ठ्याच्या भोकांतून. भोक असेल तिथं हूक उचललं जातं आणि त्याच्याबरोबर ताण्याचे धागे वर जातात. भोक नसेल तिथं धागे खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा जातो. धोट्याच्या एका फेकीला एक कार्ड. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकाला एक शिवायची आणि शेवटचं पहिल्याला बांधायचं. साखळी फिरत राहते, मोर येत राहतात. ल्यॉनच्या जोसेफ मारी जाकार यांनी 1804 च्या सुमारास हे बसवलं आणि संगणकाच्या इतिहासाची पुस्तकं बहुधा तिथूनच सुरू होतात. आमच्या पूर्व भागात मात्र तो इतिहास नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता.

"फक्त एक चूक करू नकोस," मामा म्हणाला. "कार्ड म्हणजे तुझी ही आडवी ओळ नव्हे. आडवी ओळ म्हणजे एक हूक, दिवसभरात कधी कधी उठला त्याचा हिशेब. कार्ड म्हणजे उभा रकाना. या क्षणाला कोण कोण उठणार, त्याची यादी."

भाचा पडद्याकडं बघत राहिला. "म्हणजे पाचव्या खणात किक, हलगी आणि टाळी तिन्ही आहेत, ते एक कार्ड."

"आता बोललास."

"मग मामा, ज्याच्यावर तुमचं घर चाललं त्याला फळांचं दुकान कशाला म्हणता?"

"कारण चादरीतला दुसरा मोर पहिल्यासारखाच लागतो, नाहीतर गिऱ्हाईक परत करतंय. भजनातलं दुसरं आवर्तन पहिल्यासारखं आलं तर बायकांना झोप लागली समजायचं."

मग त्यानं सकाळच्या रेकॉर्डिंगमधला एक अभंग लावला आणि टेबलावर बोटानं ठेका धरून, की दाबत, लय मोजून दाखवली. सुरुवातीला मिनिटाला बहात्तर. चौथ्या मिनिटाला नव्वद. शेवटी नामाचा गजर सुरू झाला तेव्हा एकशे तीसच्या पुढं. मधे एके ठिकाणी लय थोडी खाली आली होती, कारण पेटीवाल्या आजींनी पदर सावरला.

"आता हे तुझ्या सोळा खणांत बसव."

"बसतं की. टेम्पो मॅप करायचा. नाहीतर एबलटन लाइव्हमध्ये घ्यायचं, त्यात वार्प आहे. प्रत्येक समेवर खूण ठोकायची आणि ते सगळं ताणून-आखडून ग्रिडवर आणून देतं."

"आणून देतं, बरोबर. पण आणायचं कशाला? पंढरीच्या वाटेवर दिंडी मेट्रोनोमची क्लिक ऐकत चालती का?"

इथं मला भाच्याची बाजू घ्यावीशी वाटली, पण त्याला माझी गरज नव्हती.

"मामा, तुम्ही माझं काम तुमच्या गजानं मोजलालाव," तो म्हणाला. "मला रात्री अकराला फोन येतो. सकाळी सातला लेझीम पथकाचा सराव, तीन मिनिटांचा ट्रॅक पाहिजे, अध्यक्षांचं नाव दोनदा आलं पाहिजे. तुमच्या रीपरमध्ये एकेक ठोका कापून चिकटवत बसलो तर सूर्य उगवेल. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रेकॉर्ड केलेली हलगी आहे माझ्याकडं. तिचे नऊ ठोके सुटे करून ठेवलेत. तर्जनीचा, काठीचा, कडेचा, मधला. ते खणांत टाकले की पुढचं पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांत?"

"लावा घड्याळ, काका."

मी घड्याळ लावलं. त्याला साडेतीन मिनिटं लागली, आणि त्यातलं एक मिनिट मामाचं बोलणं ऐकण्यात गेलं. ठेका असा उठला की खालच्या बोळातून जाणाऱ्या एकानं वर बघितलं. मग मामा बसला. तेच ठोके, तोच ठेका, रीपरमध्ये. एकेक तुकडा उचलायचा, ठेवायचा, पुढचा उचलायचा. अर्ध्या तासानं त्यानं हात वर केले. ठेका आला होता, पण हलगी मेल्यागत वाजत होती.

परतफेड लगेच झाली. अभंगातला खोकला काढायचा होता. मामानं त्या ओळीच्या अलीकडं एक काप, पलीकडं एक काप घेतला, दुसऱ्या आवर्तनातली तीच ओळ आणून बसवली, दोन्ही सांधे एकमेकांत मुरवले. वीस सेकंद. आठही ट्रॅक एकत्र बांधलेले असल्यामुळं पखवाजासकट सगळं एकदम कापलं गेलं आणि कुठलंही वाद्य वाऱ्यावर राहिलं नाही. भाच्यानं तेच काम एफएलमध्ये करायला घेतलं. होत होतं, पण आठ क्लिप वेगवेगळ्या धरायच्या, ग्रिडला चिकटणं बंद करायचं, आणि सातवी क्लिप केसभर सरकली ती सरकलीच. दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "द्या तुमचं रीपर."

मला वाटतं, खरा मुद्दा त्या संध्याकाळी एवढाच होता आणि तो दोघांनीही बोलून दाखवला नाही. कुठलंही डॉ कोरं नसतं. संगीत म्हणजे काय, याबद्दलचं बनवणाऱ्याचं मत त्याच्या पहिल्याच पडद्यावर मांडून ठेवलेलं असतं. एफएलची सुरुवात ठेक्याच्या खणांपासून झाली, म्हणून आजही त्याला गाणं म्हणजे नक्ष्यांची मांडणी वाटतं. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गनं 1989 मध्ये अटारीच्या संगणकावर क्यूबेस आणलं, त्यात काळ डावीकडून उजवीकडं वाहणाऱ्या पट्ट्यांत मांडला होता. टेपवर काम केलेल्या माणसाला तो लगेच कळला, आणि पुढच्या बहुतेकांनी ती मांडणी उचलली. बर्लिनचं एबलटन लाइव्ह 2001 चं. ते स्टेजवर वाजवणाऱ्यांनी केलं, म्हणून त्यात गाण्याचे तुकडे उभ्या कप्प्यांत तयार असतात. जो हवा तो समेवर सोडायचा. त्यामुळं 'सगळ्यात चांगलं कुठलं' हा प्रश्न 'सगळ्यात चांगला माग कुठला' यासारखा आहे. टॉवेलच्या मागावर इरकल विणायला बसलेला माणूस मागाला शिव्या देणारच. रिकाम्या पडद्यासमोर बसल्यावर आपला पहिला हात कुठं जातो ते बघावं. माइककडं गेला तर एक उत्तर, खणांकडं गेला तर दुसरं, पेटीच्या पट्ट्यांकडं गेला तर कदाचित तिसरं. भाच्याचा हात खणांकडं जातो. मामाचा हात माइककडं जातो, त्याआधी पंखा बंद करायला जातो.

पण भाच्याच्या डोक्यात त्या दिवसांत वेगळंच घोळत होतं. त्याला मॅक घ्यायचा होता, हप्त्यावर, कारण लॉजिक नावाचं डॉ मॅकवरच चालतं.

"लॉजिकसाठी," तो म्हणाला. "रहमान लॉजिक वापरतात."

"रहमान पहाटेपर्यंत काम करतात, तेही करणार का?"

"आणि लॉजिकमध्ये आवाज गोड येतो. मी ऐकलंय. पुण्यात एका मित्राकडं."

यावर मामा हसला नाही. आवाजाच्या बाबतीत तो कधी हसत नाही. "गोड म्हणजे काय ते तपासता येतं," तो म्हणाला. मॅक नव्हता, तेव्हा एफएल आणि रीपरवरच भागवायचं ठरलं. चाल उचलणाऱ्या बाईंचा एकच ट्रॅक दोन्हीकडं घेतला. कसलाही परिणाम नाही, इको नाही, फेडर जिथल्या तिथं. दोन्हीकडून वेव्ह फाइल बाहेर काढली. मग दोन्ही फायली एकाखाली एक ठेवल्या आणि एकीची लहर उलटी केली; एकीत जिथं डोंगर तिथं दुसरीत दरी. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर एकमेकींना खाऊन टाकणार आणि काही ऐकू येणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कंटाळा येईल असा हा प्रयोग आहे, पण पैसे खर्च करण्याआधी प्रत्येकानं एकदा करावा.

वाजवलं. बाईंचा आवाज आला. लांबून, विहिरीतून आल्यासारखा, पण आला.

"बघा!" भाचा ओरडला.

"फेडर बघ बे आधी."

एका बाजूला पातळी जराशी खाली होती. ती सारखी केली, पुन्हा काढलं, पुन्हा उलटवलं. दाबलं. काहीच नाही. मीटरची सुई हलली नाही. खोलीत फक्त लॅपटॉपचा पंखा.

"मग मला पुण्यात गोड का लागलं?"

"दोन कारणं. मोनो ट्रॅक मधोमध ठेवला की प्रत्येक सॉफ्टवेअर त्याला आपल्या हिशेबानं थोडा दाबतं. कुणी तीन डेसिबल, कुणी साडेचार, कुणी काहीच नाही. त्याला पॅन लॉ म्हणतात. जे कमी दाबतं ते जरा मोठं वाजतं, आणि मोठं वाजलं की कानाला गोड लागतं. दुसरं कारण, तुझ्या मित्राचे स्पीकर."

लेटन्सीवरही असंच झालं. भाच्याची तक्रार होती की अमुक डॉमध्ये गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. मामानं हिशेब मांडला. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण चौतीस सेंटिमीटर जातो. बफर, म्हणजे संगणक एका घासाला घेतो तेवढा आवाज, 1024 सॅम्पलचा ठेवला तर 44.1 किलोहर्ट्झला तेवीस मिलिसेकंद जातात, म्हणजे टाळ वाजवणारी बाई आठ मीटर लांब जाऊन बसल्यासारखी; जाता-येता धरलं तर दुप्पट. बफर 128 वर आणला की ती मीटरभरावर येऊन बसते. हे बफरचं आणि साउंड कार्डाच्या ड्रायव्हरचं काम. त्यासाठी डॉ बदलणं म्हणजे गाडी पंक्चर झाली म्हणून रस्ता बदलणं.

"मग 'सैराट'चं काय?" भाच्यानं शेवटचा पत्ता टाकला. 'सैराट'वर करमाळ्याच्या माणसापुढं बोलायची सोय नाही आणि भाच्याचं आजोळ नसलं तरी त्याच्या वडिलांचं घर करमाळा तालुक्यात, नागराज मंजुळे यांच्या जेऊरपासून फार लांब नाही. "अजय-अतुल यांनी 2016 मध्ये सिंफनी थेट हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केली. म्हणजे साधनाला किंमत आहे ना?"

"त्यांनी साधन नाही आणलं तिकडून, माणसं वाजवायला बसवली. कागदावर लिहून, समोर ठेवून. तुला व्हायोलिनच्या ओळी लिहायच्यात का? लिहायच्या असतील तर ज्यात स्वरलिपी नीट दिसते असं घे, मी पैसे देतो. पण तुला 'झिंगाट'सारखं मैदान हलवायचंय. त्याला तुझ्याकडं हलगीचे नऊ ठोके आहेत. लॉजिकमध्ये गेल्यावर त्यांचे दहा होणार नाहीत."

मॅकचं बोलणं तिथं थांबलं. संपलं असं मी म्हणणार नाही.

पैशांचं बोलणं मात्र व्हायला हवं, कारण सोलापुरात डॉ निवडण्याचा खरा निकष कित्येक वर्षं 'पेनड्राइव्हमध्ये कुठलं मिळालं' हा होता. भाच्यानंही तेच केलं होतं. गेल्या वर्षी एका क्रॅकबरोबर आलेल्या किड्यानं त्याच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आणि उघडायला परदेशी चलनात पैसे मागितले. अकरा मंडळांचे ट्रॅक गेले. त्यानंतर त्यानं एफएल विकत घेतलं. या बाबतीत तो मामापेक्षा शहाणा निघाला: एफएल एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. पण घेताना आवृत्ती बघून घ्यावी लागते. सगळ्यात स्वस्त जी असते ती मुख्यतः ठेकेवाल्यांची. फुकटच्या चाचणी आवृत्तीत गाणं बनवून बाहेर काढता येतं, पण जतन केलेलं काम परत उघडून पुढं नेता येत नाही. एका बैठकीत जेवढं होईल तेवढं. रीपरची तऱ्हा उलटी: साठ दिवस सगळंच्या सगळं उघडं, आणि लहान धंदेवाल्याला परवाना 60 डॉलरला. उतरवून घ्यायची फाइल मोबाइलच्या चार-पाच फोटोंएवढी. मामाचा संगणक ज्या वयाचा आहे त्या वयाच्या संगणकावरही चालतं. ज्याला फक्त कापायचं आणि आवाज सारखा करायचाय, त्याला ऑडॅसिटी पुरे, तेही फुकट.

"आणि कंपनी उद्या बुडाली तर?" मी विचारलं. मला त्यातलं एवढंच विचारता येत होतं.

"बुडतात की," मामा म्हणाला. "लॉजिक आधी विंडोजवरही चालायचं. 2002 मध्ये ॲपलनं ते बनवणारी कंपनी घेतली आणि विंडोजवाले रस्त्यावर आले. केकवॉकचं बघ. गिब्सन गिटारवाल्यांकडं होतं, 2017 ला त्यांनी हात काढून घेतला. पुढच्या वर्षी बँडलॅबनं उचललं आणि फुकट वाटलं. ज्यांनी पैसे भरले होते त्यांनी काय म्हणायचं?"

त्यानं कपाटातून एक जुनी हार्ड डिस्क काढली. 2009 सालचं एक काम त्यात आहे. प्रकल्पाची फाइल उघडते, पण त्यात वापरलेला इको आता कुठल्याच संगणकावर नाही, त्यामुळं गाणं कोरडं, ओळखू न येणारं वाजतं. शेजारच्या फोल्डरमध्ये मात्र सुट्या वेव्ह फायली आहेत, शून्यापासून सुरू होणाऱ्या, प्रत्येकीवर वाद्याचं नाव लिहिलेलं. त्या कशातही उघडतात. बायकांच्या आठ ट्रॅकच्या सत्तर मिनिटांच्या अशा फायली, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटच्या, पावणेपाच जीबीच्या आसपास झाल्या. मामानं दोन डिस्कवर ठेवल्या, एक माझ्या हातात दिली. "सॉफ्टवेअर कुठलंही घे," तो भाच्याला म्हणाला, "पण सूत आपल्या घरात ठेव."

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. मी काहीतरी विसरलेलं आणायला गेलो, तर भाचा खाली शेडमध्ये मोबाइल धरून उभा. मागाचा खटका रेकॉर्ड करत होता. लेझमीच्या ट्रॅकखाली तो ठेवायचं त्याच्या मनात होतं. सोलापूरचा ट्रॅक, सोलापूरचा ठेका. वर येऊन त्यानं तो खणांत टाकला आणि दोन ओळींनंतर खटका ठेक्याच्या मागं पडला.

"मशीन असून बेताल कसं?"

मामा कामातून मान वर न करता म्हणाला, "पट्टा घसरतो. आणि धोटा डावीकडून गेला तर एक आवाज, उजवीकडून आला तर दुसरा. दोन्ही फेकींतलं अंतर सारखं नसतं. आप्पा नुसतं ऐकून सांगायचे, कितव्या मागाचं चामडं सैल झालंय."

भाच्यानं खटका ग्रिडवर ओढून सारखा केला. वाजवला. मग उलटी कमांड देऊन पूर्ववत केला. परत सारखा केला. परत पूर्ववत. मी चहा संपवून निघालो तरी त्याचं चाललंच होतं. शेवटी त्यानं काय ठेवलं ते मला माहीत नाही. मिरवणुकीत स्पीकरच्या इतक्या भिंती एकावर एक वाजत होत्या की खटका ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

भजनाचं काम मामानं रीपरमध्येच केलं, क्लिकशिवाय. पॅड, म्हणजे खाली धरून ठेवलेला सूर, मात्र भाच्याचा लागला, कारण दोन अभंगांत पेटी फारच एकटी पडत होती. पॅड आधी लागेना. भाचा म्हणाला, सूर तर काळी चारच आहे. होता काळी चार, पण आजींची पेटी चाळीस वर्षांची. सगळी पट्टी प्रमाण सुरापेक्षा थोडी चढी. भाच्यानं पॅडचा सूर सेंटांमध्ये वर सरकवत नेला, आणि एका जागी दोन्ही एकदम मिटले. एफएलमधून तो पॅड वेव्ह करून रीपरमध्ये आला. दोघांनीही याबद्दल काही भाष्य केलं नाही.

फाइल मी आईला व्हॉट्सॲपवर पाठवली. तिनं मोबाइल कानाला लावून, डोळे मिटून, पहिला अभंग पूर्ण ऐकला. मंडळातल्या बायकांची नावं घेत गेली, ही अमकी, ही तमकी. मग डोळे उघडले.

"छान आहे. पण माझा टाळ कुठंय?"

"आहे की."

"नाही. मी थोडा मागून वाजवते. सासूबाईंनी तसाच शिकवला. यात सगळे टाळ एकदमच वाजतात."

मी मामाला फोन लावला. खाली माग चालू होते, त्यामुळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. पलीकडं थोडा वेळ नुसता खटका ऐकू आला. मग तो भाच्याला म्हणाला, "सातवा ट्रॅक तू ग्रिडला लावलास का बे?"

भाच्याचं उत्तर मागाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मामानं ऐकलं असावं.

"मूळ फाइल उघड," तो म्हणाला.